पानांचं पांघरूण

रमुलाबाईंनी काडी ओढली आणि मी ती फुंकून विझवली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पेटीतून दुसरी काडी काढली. मी पेटीच हिसकावून घेतली आणि कमरेला खोचली. फागुन संपत आला होता. मोहाच्या झाडांवर कळ्यांचे घोस लटकले होते आणि गावातल्या बाया आपापल्या झाडाखालचा पाचोळा गोळा करून पेटवत होत्या. मोहफूल पहाटे गळतं. खाली पानं असली की फुलं त्यात लपतात आणि वेचता वेचता ऊन डोक्यावर येतं. जमीन जळून काळी झाली की तीच फुलं लांबून दिसतात. आमच्या जंगलात सासवा-सुनांनी हे असंच चालवत आणलेलं. घरच्या बाकी झाडांखाली रमुलाबाईंनी सकाळीच जाळून घेतलं होतं. राहिलं होतं ते नाल्याच्या चढावरचं, सगळ्यांत थोराड, बुंध्याशी थोडं पोकळ झालेलं झाड.

“सुरजा, पेटी दे,” त्या म्हणाल्या.

“नाही देत.”

“यंदा हिवाळ्यात पानी नाही पडला. पान पाह्य कसं कडकड वाजून रायलं. आता थंडं हाये, वारा नाही. मी उभी रायतो, थोडं थोडं जाळतो आन् माह्या हातानं इझवतो.”

“ह्या झाडाखाली आग लागनार नाही, बाई. कितीदा सांगू तुमाले?”

रमुलाबाई माझ्या मोठ्या जाऊबाई. हाडापेरानं मजबूत, बोलणं मोजकं. मी नेमकी उलटी. माझी जीभ कात्रीसारखी चालायची आणि माझ्यापुढे नवरासुद्धा दोन वाक्यांत गप्प व्हायचा. त्यांनी टोपली उचलली. जाताना बुंध्याशी रचलेल्या पानांच्या ढिगाकडे एकदा बघितलं आणि निघून गेल्या. मी जिंकले म्हणून मला बरं वाटलं.

त्या झाडाखाली माझा मुलगा होता.

त्याला अजून दात यायचे होते. थंडीच्या दिवसांत छाती भरली, दवाखाना लांब, वाटेतच गेला. आमच्या लोकांत दूधपितं लेकरू गेलं तर त्याला मोठ्या माणसांबरोबर नेत नाहीत. मोहाच्या झाडाखाली मातीत ठेवतात. मोहाच्या सालीत दूध असतं, लेकरू मोठं होईतो झाड त्याला पाजतं. मी तेव्हा दहावी शिकलेली होते, पुढे अंगणवाडीत सेविका झाले, पोषण आहाराची भाषणं दिली. पण हे खरं की खोटं, हा प्रश्न मला कधी पडला नाही. माझं दूध पदर भिजवून वाया जात होतं, छाती ठणकत होती, आणि त्याला कुणीतरी पाजतंय एवढं मला पुरे होतं. त्या आधाराशिवाय मी जगले नसते.

पुरुषमाणसं त्याला ठेवून आली. माझा नवरा चैतराम मला एवढंच म्हणाला, “नाल्याकडच्या अंगाला हाये.” मग घरात त्याचा विषय निघाला नाही. गेलेल्या तान्ह्याबद्दल बोलायचं नाही, बोललं तर ते मागे वळून बघतं, अशी आमच्याकडची रीत.

तो गेला त्या सालच्या फागुनात मी पहिल्यांदा तिथं गेले तर जमीन कोळशासारखी काळी. नेहमीप्रमाणे जाळून झालं होतं. मी तिथंच बसून हंबरडा फोडला. थंडीत त्याच्या अंगावर काही नाही आणि वरून हा चटका! दुसऱ्या दिवसापासून मी त्या झाडाखाली कुणाला आग लावू दिली नाही. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण मला थांबता येत नव्हतं. जंगलातून टोपल्या भरभरून सागाची, ऐनाची, पळसाची पानं आणून मी तिथं अंथरायला लागले. दर थंडीत नवा थर. बुंध्याच्या नाल्याकडच्या अंगाला जास्त जाड, चांगला दाबून. माझ्यासाठी ते पांघरूण होतं.

आणि माती खरंच बदलली. पाऊस व्हायचा तेव्हा बाकीच्या झाडांखालून पाणी लालभडक होऊन नाल्यात पळायचं. इथं मात्र जिरायचं. पानांचा खालचा थर कुजून चहाच्या चोथ्यासारखा झाला. त्याखाली गांडुळं निघायची. टोरी, म्हणजे मोहाचं बी, पडायची ती तिथंच रुजायची, आणि मोहाची इवली रोपं वर यायची. इतर झाडांखाली कधी एक रोप टिकलं नव्हतं. म्हातारी झाडं तेवढी उभी होती, त्यांच्या खाली पोरंबाळं नव्हती.

बीटगार्ड बन्सोडसाहेब जंगलात आग लावू नका म्हणून गावोगाव ओरडत फिरायचे आणि लोक त्यांना हो हो म्हणून परत पाठवायचे. एकदा ते त्या झाडाशी थांबले. हातातली काठी त्यांनी जमिनीत खुपसली तर ती लोण्यात शिरावी तशी शिरली. शेजारच्या झाडाखाली खुपसली तर टोकच मोडलं.

“ही जमीन जिवंत आहे,” ते बायांना म्हणाले. “पाणी धरते. तुम्ही दरवर्षी जाळता तिथं भाजून विटेसारखी झालीय. ह्या सुरजाताईंकडून शिका.”

मी खुशीनं फुगले. आपलं लेकरू मऊ जागेत आहे, सरकारी माणसानं काठी घालून सांगितलं! बाया हसल्या. रमुलाबाई हसल्या नाहीत. त्या झाडाच्या पलीकडच्या अंगाला टोपली टेकवून उभ्या होत्या आणि जमिनीकडे बघत होत्या.

एक गोष्ट मला तेव्हा विनोदी वाटायची. बाकी झाडांची फुलं वेचून झाली, अंगणात वाळत पडली, तरी त्या पुन्हा ह्या झाडाकडे जायच्या. पानांच्या थरात हात घालून घालून एकेक फूल काढत बसायच्या. मी चिडवायची, “बाई, ह्या झाडाची फुलं सोन्याची हायेत का? कंबर मोडून जाईल.”

“वेचतो ना. तुले का तरास?” एवढंच म्हणायच्या.

पेटी हिसकावली त्यानंतर फुलांचा बहर सरला आणि चैताच्या शेवटी, भर दुपारी, आग आली.

ती आमच्या गावची नव्हती. तेंदूची पानं चांगली फुटावीत म्हणून डोंगरापलीकडे कुणीतरी झुडपं पेटवली होती आणि वारा फिरला. आधी धूर दिसला, मग पाखरं ओरडत आमच्यावरून गेली. चैतराम धावत आला, “नाल्याकड उतरून रायली!” मी चुलीवरचं तसंच टाकून पळाले. मागून रमुलाबाई, त्यांच्या मागं आणखी बाया. वाटेतच सगळ्यांनी पळसाच्या हिरव्या फांद्या मोडून घेतल्या.

आग बाकी झाडांखालून कशी गेली ते मी डोळ्यांनी पाहिलं. तिथं तिला खायलाच काही नव्हतं. इकडंतिकडं चार पानं चाटली आणि कडेकडेनं पुढं सरकली. आमच्या झाडाशी आली आणि थांबली. मी घातलेले सगळ्या हिवाळ्यांचे थर तिला एकदम मिळाले. जाळ माणसाच्या उंचीच्या वर गेला. ती इवली रोपं क्षणात गेली. मी फांदी घेऊन आत शिरायला लागले तशी चैतरामनं मला मागून कमरेला धरलं. मी त्याला चावले, ओरबाडलं. त्यानं सोडलं नाही.

“सोड मले! तो आतमंदी हाये!”

“सुरजा, तू मरशीन!”

“मरू दे!”

बायांनी झोडपून झोडपून संध्याकाळपर्यंत जाळ खाली बसवला. सगळ्यांना वाटलं, विझली. थकून भागून लोक घरी गेले.

सकाळी येऊन पाहते तर जमिनीतून धूर निघत होता. वर राख, पण खाली कुजलेल्या पानांचा थर आतल्या आत धुमसत होता. उदबत्ती जळते तसा, न बोलता, पुढं पुढं. बुंध्याच्या पोकळीतूनही धूर येत होता. नाल्याकडच्या अंगाला, जिथं मी सगळ्यांत जास्त पानं दाबली होती, तिथं पाय ठेववत नव्हता.

“खोदा लागते,” चैतराम कुदळ घेऊन म्हणाला. “भवताली चर मारला तं आग तुटंन. नाही तं मुळ्या जातीन.”

“कुदळ लावशीन तं माह्या अंगावर लाव.”

“अवं, झाड जाईल!”

“आन् तो वर आला तं? तुह्या कुदळीले लागला तं?”

त्यानं कुदळ टाकली. डोळे पुसत तिथंच उकिडवा बसला. म्हणून मग पाणीच. नाला आटलेला होता. वाळूत झिरा खणायचा, वाटीवाटीनं पाण्याचं गुंड भरायचं, चढ चढायचा आणि ओतायचं. ओतलं की चर्र व्हायचं, वाफ यायची, आणि थोड्या वेळानं हातभर पलीकडून धूर निघायचा. दिवसचे दिवस आम्ही हेच केलं. बाकीच्या बाया हळूहळू यायच्या थांबल्या, त्यांनाही घर होतं. रमुलाबाई थांबल्या नाहीत. माझ्या एका खेपेला त्यांच्या दोन व्हायच्या.

पण त्या माझ्या बाजूला ओततच नव्हत्या. गुंड घेऊन त्या झाडाला वळसा घालायच्या आणि पलीकडे, सूर्य उगवतो त्या अंगाला ओतायच्या. तिथं मी पानं रचली नव्हती. धूर होता, पण थोडका. पहिल्यांदा मी दुर्लक्ष केलं. मग मला ते सहन होईना. पाण्याचा थेंब थेंब झाला होता.

“बाई, इकडं ओता! तिकडं का हाये?”

त्या ओतत राहिल्या.

माझा तोल गेला. तोंडाला येईल ते मी बोलले. “तुमाले तं हेच पायजे होतं! कवापासून काडी घेऊन फिरून रायल्या होत्या, झालं ना आता मनासारखं? तुमची टुरं अंगनात खेळून रायली, तुमाले का कळते? एक लेकरू मातीत घालून पाहा, मंग समजंन!”

रमुलाबाईंनी गुंड खाली ठेवलं. अगदी सावकाश, जणू आत कुणी झोपलंय. पदरानं तोंडावरची राख पुसली.

“माही टुरी इकडं हाये,” त्या म्हणाल्या.

मला समजलंच नाही. मी मूर्खासारखी त्यांच्या पायाखाली बघत राहिले.

“तू येवाच्या आंधीची. पयली होती. तिले बी दात यायचे होते.” त्या खाली बसल्या आणि ओल्या राखेवर तळहात टेकला. “मायनं, म्हंजे आपल्या सासूनं, मले सांगितलं होतं. दरसाल थोडं थोडं जाळत जाय, तुह्या हातानं. जागा उघडी रायली का मोठी आग वरच्या वर निघून जाते, लेकराले तिचा पत्ता लागत नाही. मी जाळत होती. पयले झाडून घ्याची, मंग बुडापासून दूर सरकवाची, मंग काडी लावाची. तिच्याजवळ जायाले मले तेवढंच एक काम होतं.”

“आन् मी…”

“तू पान आनत गेली.”

झिऱ्याकडून कुणीतरी हाक मारली. आम्ही दोघींनी ओ दिली नाही.

“सांगितलं काऊन नाही, बाई? एक शब्द सांगितला असता!”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या बाईच्या डोळ्यांत पाणी पाहिलं.

“तुहा पदर पायला होता ना मी. दुधानं भिजलेला. घरात भिंतीकडं तोंड करून पिळत होती. मले माहा आठवला. मंग तुले कसं सांगू का हे झाड माहं बी हाये म्हनून? मी म्हनलं, असू दे. हिले असू दे.”

मी त्यांच्या पायांशी पडले. त्यांनी मला उठवलं, गुंड माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, “चाल. आंधी तुह्याकडं ओतू. तिकडं जास्त जळून रायलं.”

धूर थांबला तोवर उशीर झाला होता. वैशाखात बाकीच्या मोहांना तांबूस पालवी फुटली. आमच्या झाडाला रमुलाबाईंच्या बाजूच्या एका फांदीवर थोडी आली आणि वाळून गेली. बुंधा आतून खाल्ला गेला होता. मुळ्या भाजल्या होत्या. मी सालीला नख लावून बघायला धजले नाही.

जेठात एका दुपारी वावटळ आली आणि झाड पडलं. आवाज घरापर्यंत आला. कुणी सांगायची गरज नव्हती. आम्ही दोघी निघालो. वाटेत मला एकाएकी कळलं की एवढं थोर झाड पडतं तेव्हा मुळ्यांबरोबर जमीनही वर येते. रमुलाबाईंना ते घरातून निघतानाच कळलं असावं, कारण त्यांनी कुदळ आणली होती आणि अंगावर धुतलेलं लुगडं होतं.

नाल्याच्या वळणावर त्यांनी माझा दंड धरला.

“तू येथं बस.”

“मी येतो. माहा बी हाये.”

“म्हनूनच बस. तू पाहू नोको. एकीनं पायलं तं पुरते.”

मी वाळूत बसले. वर काय चाललंय ते दिसत नव्हतं. कुदळीचे एक-दोन घाव ऐकू आले, मग काहीच नाही. मी कानावर हात ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. देवाला काय मागावं ते सुचेना. त्यांना तो सापडावा असं मागू, की सापडू नये असं? दोन्ही मागितलं.

रमुलाबाई खाली आल्या तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. पदराची ओटी करून दोन्ही हातांनी पोटाशी धरली होती. माझ्यासमोर बसल्या आणि ओटी थोडी उघडली. आत माती होती.

“काही…?”

“काही नाही उरलं. माती झाली.” त्यांनी बोटांनी ती हलवली. “वरची भाजून लाल झाली होती, इटेवानी. ती नाही घेतली. हातभर खाली आगच गेली नाही. तेथं काळी होती, थंडी. हात लावून पाह्य.”

मी हात लावला. खरंच थंड होती. ओलसर, मऊ. पानांच्या कुजण्याचा गोड वास येत होता.

“माहा कोनता?” मी विचारलं.

त्यांनी पुन्हा मातीत बोटं फिरवली.

“मुळ्यांनं सारं एक करून टाकलं, सुरजा. तुह्या अंगाची घेतली, माह्या अंगाची घेतली. येगळी करून आनू म्हनलं, नाही करता आली.”

मी ओटीत तोंड घातलं आणि रडले. त्यांनी थांबवलं नाही. एका हातानं ओटी आवळून धरली आणि दुसरा माझ्या डोक्यावर ठेवला. त्या स्वतः रडल्या की नाही मला माहीत नाही, मी वर बघितलं नाही.

मग आम्ही चढावर आणखी वर असलेल्या, घरच्याच दुसऱ्या मोहाकडे गेलो. रमुलाबाईंनी खणलं, मी माती सोडली. शेवटची मूठ मला सोडवेना, तेव्हा त्यांनी माझी बोटं एकेक करून उघडली. वरून मी पानं टाकणार होते, सवयीनं हातात घेतलीही होती. त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी त्यातली थोडी माझ्या हातातून घेऊन पातळ पसरली, बाकीची दूर भिरकावून दिली आणि म्हणाल्या, “एवढंच बास.” पुढं त्या जागेचं आम्ही तसंच ठेवलं. बुंध्याशी ढीग होऊ दिला नाही आणि बुंध्याशी काडीही लावली नाही. दर फागुनात दोघी मिळून सभोवतालची पट्टी झाडायचो, तिथली पानं दूर नेऊन जाळायचो. गावाला आम्ही वेड्या वाटत असू.

उतरताना मी विचारलं, “बाई, तिचं नाव ठेवलं होतं का?”

त्या थांबल्या. मागंपुढं पाहिलं. जंगलात कुणी नव्हतं, तरी त्यांनी तोंड माझ्या कानाशी आणलं आणि नाव सांगितलं. इतक्या वर्षांत त्यांनी ते कुणापाशी उच्चारलं नव्हतं.

रमुलाबाईंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलांनाही आपल्याला एक थोरली बहीण होती हे ठाऊक नाही. ते नाव आता फक्त माझ्यापाशी आहे. कधी कधी पहाटे त्या मोहाखाली गेले की मी आधी ते घेते, आणि मग माझ्या मुलाचं.